परतीची चित्रं

राधाकृष्णमास्तरांची सोनकी नगर जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीची होती. नगरहून निघणाऱ्या दैनिकात, शेवटच्या पानावर, बाजारभावाच्या खाली रोज चित्रकथेच्या चार चौकटी असत. दोन वेण्या, ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली सोनकी आणि तिचा बोकड. बोकडाचं नाव कलेक्टर. कलेक्टर दिसेल तो कागद खायचा, रेशनकार्ड म्हणू नका, लग्नपत्रिका म्हणू नका, आणि सोनकी त्याला बसवून कायदा शिकवायची. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत पहिल्या पानावर टँकर आणि खडीकामाखेरीज दुसरं काही नसे. तेव्हा जामखेडपासून कोपरगावपर्यंत माणसं पेपर शेवटच्या पानाकडूनच उघडत.

मास्तर पारनेरच्या शाळेत चित्रकला शिकवत. सकाळी चित्र काढायचं, पुठ्ठ्यात गुंडाळायचं आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, हा त्यांचा नेम. सुनंदा गेली त्या आठवड्यातही तो चुकला नव्हता.

सुनंदा त्यांची मुलगी. तिच्यावरूनच सोनकी निघाली होती. अडीच वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय लुळा पडला. नवव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन ती गेली. त्याला आता चार वर्षं होत आली होती. घरात तिचा एकच फोटो होता, नगरच्या स्टुडिओत खुर्चीवर बसवून काढलेला.

विमलबाई त्याच शाळेत शास्त्र शिकवत. मुलगी गेल्यावर त्या तेराव्यानंतर कामावर रुजू झाल्या, वर्गात उभ्या राहिल्या आणि प्रकाशाचं परावर्तन शिकवायला लागल्या. लोक म्हणाले, बाई धीराच्या. धीर वगैरे काही नव्हतं. मळ्यातल्या विहिरीला पाणी नसलं की मोट सोडून उपयोग नसतो, तसं काहीसं झालं होतं. त्या जेवत, झोपत, पेपर तपासत. आणि रोज संध्याकाळी सोनकीच्या चौकटी बघून पेपर घडी करून ठेवत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात रुतून बसली होती. सोनकी कधी चालत नसे. ती पुलाच्या कठड्यावर बसलेली असे, बैलगाडीत असे, चिंचेच्या फांदीवर असे, दुष्काळ पडल्यावर खडीच्या ढिगावर असे. बोकड मात्र चौकटीभर हुंदडे. सुनंदाने एकदा विचारलंही होतं, "बाबा, कलेक्टर चालतो, मग मीच का बसून?" मास्तर म्हणाले होते, "राणी बसते आणि चाकर चालतो, म्हणून." पोरगी खूश झाली. विमलबाई झाल्या नाहीत. यांना पोरीच्या पायाची लाज वाटते, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी धरलं आणि नंतर कधी सोडलं नाही. बोलल्या मात्र नाहीत.

मे महिन्यात मुंबईहून प्रभुणे नावाचा तरुण आला. मुंबईला टेलिव्हिजन सुरू होऊन वर्ष व्हायचं होतं, पुण्यालाही येणार असं चाललं होतं. सणासुदीला दाखवायला सोनकीच्या कार्टून फिल्म करायच्या, पहिली दिवाळीची, असं त्याच्या स्टुडिओला काम मिळालं होतं. पत्रापत्री आधीच झाली होती. प्रभुणेने ओट्यावर बसून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, मग पाणीटंचाईच्या वर्षी एवढं प्यायलो म्हणून ओशाळला, आणि कात्रणांची बॅग उघडली.

"सर, एक अडचण आहे," तो म्हणाला. "आम्ही चौघं जण पंधरवडाभर ही कात्रणं चाळतोय. सोनकी हसते कशी, रागावते कशी, सगळं सापडलं. पण ती चालते कशी, ते कुठंच नाही. एका चित्रात नाही. आणि फिल्ममध्ये तर ती चालायला हवी."

मास्तरांनी कात्रणं हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "चारचौघी मुलींसारखी चालवा," ते म्हणाले.

"नाही," विमलबाई दारातून म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. वर्गात चुकीचं उत्तर आलं की त्या म्हणत, तसंच ते 'नाही' होतं. प्रभुणेने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"ती तशी चालत नव्हती," विमलबाई म्हणाल्या. "तुम्ही तिला कधी चालूच दिलं नाहीत. बसवून ठेवलंत. आता चालवायचीच आहे, तर तिच्या पायानं चालू दे."

मास्तर उठले. विमलबाईंना वाटलं, निघाले मागच्या दारानं, नेहमीसारखे. पण त्यांनी कोनाड्यातला खडू घेतला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर उकिडवे बसून चित्र काढलं. हात भरभर चालत होता, हे चित्र आधी कितीदा तरी काढल्यासारखा. दोन वेण्यांची मुलगी, कमरेत वाकलेली, उजवा हात गुडघ्यावर.

तेवढ्यात शेजारची बायडाबाई दुधाची चरवी घेऊन फाटकातून आली. मास्तर म्हणाले, "बायडाबाई, इकडं या. बघा बरं, ही पोरगी काय करतीये?"

बायडाबाईनं चरवी कमरेवर घेतली आणि मान तिरकी केली. "काय करतीया म्हंजी? काटा काढतीया की पायातला. बाभळीचा आसंल." मग पाव्हण्याकडं पाहून हसली. "मास्तर, पाव्हण्याला चा पाजा, माजी परीक्षा काय घेता!"

ती दूध ओतायला आत गेली. मास्तर खडू बोटांत फिरवत राहिले.

"सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "संपादक म्हणाले, काय शोधतीये जमिनीवर. शाळेतल्या पोरांना विचारलं, कुणी म्हणालं पडली, कुणी म्हणालं गोट्या खेळतीये. विमल, तिची चाल एका चित्रात मावत नाही गं. ती दोन चित्रांच्या मधे आहे. मला दोन चित्रांच्या मधलं काढता येत नाही."

विमलबाई फरशीवरच्या चित्राकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट अशी चहाच्या वेळेला खोटी ठरली, तर माणसानं काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. राग गेला असावा. पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

प्रभुणे मात्र पुढे सरकला होता. "आमच्याकडे तेच तर असतं, सर. मधलं. एका पावलाची दहा-बारा चित्रं. एक-एक पारदर्शक कागदावर उतरवायचं, मागून रंग भरायचा, आणि ओळीनं फोटो घ्यायचे. चाल धरता येईल. फक्त कुणीतरी ती दाखवायला हवी." तो मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मी दाखवते," विमलबाई म्हणाल्या.

त्यांनी निऱ्या थोड्या वर खोचल्या आणि अंगणात उतरल्या. घराच्या दारापासून फाटकापर्यंत अंगणाला उतार होता. सुनंदा सकाळी याच उतारावरून शाळेला निघे. प्रभुणे अंगणाच्या कडेच्या भिंतीला टेकून वही मांडीवर घेऊन बसला.

"मांडीतला स्नायू गेला होता," विमलबाई सांगू लागल्या. "त्यामुळे भार आला की गुडघा दुमडायचा. म्हणून ती उजवा तळवा गुडघ्याच्या वर ठेवायची आणि मागे दाबायची. असा. गुडघा ताठ झाला की त्याच्यावर उभं राहून डावा पाय पुढे. मग हात सुटतो, कंबर उचलते, उजवा पाय फेकला जातो. आणि परत हात. डावा हात लांब पसरलेला असतो, तोलाला."

त्या चालल्या. वाकणं, दाबणं, डावं पाऊल, उचल, फेक. तरफेचा प्रयोग दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं. अंग आपोआप त्या चालीत शिरलं. सहा वर्षं ती चाल त्यांच्या शेजारून चालली होती, कडेला, एक हात पुढे ठेवून, पडली तर धरायला. आता काहीतरी होईल, छातीत काहीतरी हलेल, असं त्यांना वाटलं होतं. काही झालं नाही. फाटकाचा खांब आला आणि त्या थांबल्या. मात्र एक इच्छा त्यांना अगदी स्पष्ट झाली, भूक कळावी तशी. ती चाल त्यांना पुन्हा एकदा बघायची होती. स्वतः चालून ती दिसत नव्हती.

"आता येतानाची," त्या फाटकापाशी वळून म्हणाल्या.

"नको वहिनी, एका बाजूची पुरे," प्रभुणे म्हणाला. "एकदा बसवली की झालं."

मग विमलबाई सरळ पायांनी परत आल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. खडू त्यांच्या मुठीत होता.

दिवाळीपर्यंत पाऊस येऊन गेला आणि पुण्यालाही टेलिव्हिजन दिसू लागलं. नगरला काही ते पोचत नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी, मधल्या दिवसांच्या चौकटी आगाऊ पाठवून, दोघं एसटीनं पुण्याला मास्तरांच्या बहिणीकडे, रतनबाईंकडे गेले. रतनबाईंच्या मजल्यावर एका घरी संच होता. फिल्म संध्याकाळी होती आणि चार वाजल्यापासूनच त्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. प्रभुणेही मुंबईहून आला होता. त्याच्या शर्टाच्या बाहीला रंग लागला होता.

रतनबाईंनी भावजयीला मधे जागा करून दिली. "वहिनी, पुढं बसा. तुमची लेक बघायची तर मागं कशाला?" म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. विमलबाई पुढे बसल्या.

सुरुवातीला पाटी आली, मग कलेक्टर आला. तो फराळाच्या ताटाखालचा कागद ओढत होता. पोरं खिदळली. मग सोनकी बोलली, "कलेक्टर, सणाच्या दिवशी तरी शिस्त पाळ बाई!" आवाज पुण्यातल्या कुणा चुणचुणीत मुलीचा होता. पारनेरच्या बोकडाला 'बाई' कोण म्हणेल, असं मास्तर पुटपुटले. विमलबाईंनी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. त्या पायांकडे बघत होत्या. सोनकी ओट्यावर बसली होती.

गोष्ट साधी होती. गावाच्या विहिरीला बऱ्याच दिवसांनी पाणी आलं आहे आणि सोनकीला तिथं पणती ठेवायची आहे. तिने पणती डाव्या हातात घेतली आणि ओट्यावरून उतरली.

उजवा तळवा गुडघ्यावर गेला. दाबला. डावं पाऊल पुढे पडलं. हात सुटला, कंबर उचलली, उजवा पाय फेकला गेला, आणि परत हात.

"ती लंगडते का रे?" मागून एका पोरानं विचारलं.

"गप ना, बघू दे," दुसरा म्हणाला.

विमलबाईंना खोलीतला उकाडा जाणवेनासा झाला. ती होती. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, फाटकाकडे निघाल्यासारखी. खांदा तसाच खाली जात होता. एक वेणी तशीच पुढे येत होती, जिचं त्यांनी प्रभुणेला सांगितलंही नव्हतं, बहुधा ती आपोआपच तशी येत असावी. प्रत्येक पाऊल अगदी मागच्यासारखं होतं. तीच चित्रं पुन्हा पुन्हा लावली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. सुनंदाची दोन पावलं कधी सारखी नसत. पण ते चालवून घेण्यासारखं होतं. ती दमत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ होता.

सोनकीने विहिरीवर पणती ठेवली. कलेक्टरने वात खाल्ली. हशा झाला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, दुसरी पणती लावली, एक स्वतःच्या हाती घेतली आणि घराकडे वळली.

आणि ती कुणी दुसरीच मुलगी होती.

विमलबाईंना ते आधी कळलं आणि कारण मागून सापडलं. तळवा गुडघ्यावर होता, पण डाव्या. पणती उजव्या हातात गेली होती. फ्रॉकचा खिसाही या बाजूचा त्या बाजूला गेला होता. आरशातल्यासारखं सगळं नेमकं आणि उलट. लुळा पाय जातानाच उजवा होता. घरी येताना तो डावा झाला होता. पडद्यावर ती मुलगी विहिरीपासून ओट्यापर्यंत चालत आली, टाळ्या पडल्या, आणि विमलबाईंनी एकाही पावलाला ओळखलं नाही.

जिन्यापाशी प्रभुणे वाट बघत उभा होता. लोक त्याला शाबासकी देऊन जात होते. "वहिनी, जमली का चाल?" त्याने विचारलं. "टेलिव्हिजनवाल्यांचा निरोप आहे, संक्रांतीचीही करा म्हणून."

"जातानाची जमली," विमलबाई म्हणाल्या. "येताना पाय बदलला."

त्याला आधी समजलं नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "तेच कागद उलटे करून लावले," तो म्हणाला. "सगळेच करतात तसं, वहिनी. वेळ वाचतो. माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच असतो ना..." तो थांबला. "म्हणजे, कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नाही."

"माझ्याही आलं नाही तेव्हा," विमलबाई म्हणाल्या. "तुम्ही एका बाजूची पुरे म्हणालात, मी ऐकलं. परावर्तन दरवर्षी शिकवते मी."

"वेगळी काढायची म्हणजे सगळी नव्याने काढावी लागतील. पलीकडचा पाय, पलीकडचा हात. स्टुडिओ तेवढा वेळ देणार नाही."

"परतीची मी काढून देतो," मास्तर म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. मास्तर कठड्याला धरून उभे होते. "मधली सगळी," ते म्हणाले. "कशी काढायची ते तेवढं सांगा."

"सर, काढायची तर बघावी लागेल," प्रभुणे हळूच म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही..."

"बघेन," मास्तर म्हणाले.

पारनेरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौकटी काढल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारची एसटी चित्राशिवाय जाणार होती. प्रभुणे जिथं बसला होता तिथंच ते भिंतीला टेकून बसले, मांडीवर फळी आणि कागद घेऊन. विमलबाई फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पावसानंतर अंगणात बोटभर गवत आलं होतं.

"चल," मास्तर म्हणाले.

फाटकाकडून घराकडे चढ होता. त्यांनी उजवा तळवा गुडघ्यावर ठेवला, दाबला, डावं पाऊल टाकलं. आता उजवा पाय मास्तरांच्या बाजूला नव्हता, पलीकडे होता. त्यांच्याकडून दिसत होता तो डावा, धड पाय, आणि त्याच्यामागे वाकणारं अंग. येतानाची चाल जातानाच्या चालीसारखी नव्हती, हे चालता चालता विमलबाईंना आठवत गेलं. शाळेतून आलेली पोर दमलेली असे. हात गुडघ्यावरून पुरता सुटत नसे. पाऊल लहान पडे. त्यांनी पावलं लहान केली. भिंतीपाशी पेन्सिलीचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. मास्तर मान खाली घालत नव्हते. कागदाकडे न बघताच रेघा ओढत होते.

धुण्याच्या दगडापाशी विमलबाई थांबल्या.

"का गं?" मास्तर म्हणाले. "दुखलं का कुठं?"

"ती इथं थांबायची."

मास्तरांनी कागदावरून पेन्सिल उचलली. सुनंदा यायची त्या वेळेला विमलबाई तास आटोपून घरी आलेल्या असत, पण ते शाळेत असत. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काय करायची?"

"काही नाही. हात तसाच ठेवून उभी राहायची आणि दाराकडे बघायची, अजून किती राहिलंय ते. मी आत असायचे. मला दिसायची. मी गेले की चिडायची, आपलं आपण येते म्हणायची. म्हणून मी जायचे नाही."

बोलता बोलता त्यांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. तळवा गुडघ्यावरच होता. दारात अर्थातच कुणी नव्हतं. या बाजूनं दार किती लांब दिसतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

"थांबायला किती चित्रं लागतात?" त्यांनी विचारलं.

"एकच," मास्तर म्हणाले. "तेच धरून ठेवायचं."

त्यांनी नवा कागद घेतला. विमलबाई उभ्या राहिल्या. कमरेत कळ यायला लागली, ती त्यांनी येऊ दिली. फाटक वाजलं आणि बायडाबाई चरवी घेऊन आत आली, अंगणाच्या मधोमध अशा वाकून उभ्या असलेल्या बाईंना पाहून तिनं तोंड उघडलं, पण मास्तरांनी हातानं गप्प केलं म्हणून वळसा घालून ती भिंतीपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावरून कागदात डोकावली.

"दमली व्हय पोरगी," ती म्हणाली.

विमलबाईंनी तिकडे वळून पाहिलं नाही.

"थांब तशीच," मास्तर म्हणाले. "अजून थोडी."